दोन वायरी, एकच साक्ष

४ जानेवारी
टँकरची केबिन, पंपाजवळ

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम. निदान चिडून तरी लगेच उत्तर लिहिशील. पत्रास कारण की, कारण एका पत्रात मावणारं नाही. माझा पाण्याचा टँकर भरेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

तुझा दादा घरी बसला आहे. आजारी नाही, बसवला आहे. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्याने खोदकामाचं मशीन चालू केलं, थोडी माती काढली आणि बकेट वर उचलून थांबला, कारण मोजणीवाला खड्ड्याच्या काठावर दुर्बीण लावून उभा होता. थांबलेलं मशीन आपोआप डावीकडे वळलं. बकेट त्या माणसाच्या पायाला लागली आणि पाय मोडला. जीव वाचला हे त्याचं नशीब आणि आपलंही.

पहिल्या दिवशी दादा छातीठोकपणे सांगत होता की मी दांडी हलवलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, हलवली नसावी. आता म्हणतो, "हात चुकला असेल गं, नाहीतर मशीन कशाला वळेल?" वर्कशॉपचा फोरमन तर सगळ्यांसमोर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." हा फोरमन म्हणजे तोच, ज्याला आम्ही चालतंयराव म्हणतो. काहीही मोडलेलं दाखवा, त्याचं उत्तर ठरलेलं: "चालतंय की!"

साहेबांनी कागद तयार ठेवला आहे. माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, खाली सही. सही केली तर गोदामात काम मिळेल, पण ऑपरेटरचं लायसन्स जाईल आणि पुन्हा कुठल्याही मशीनवर बसता येणार नाही. पुढच्या महिन्यात चौकशीची बैठक आहे, तोवर सही हवी. तो करायला निघालाच आहे. मी पेन लपवते. घरात आता भाजीच्या यादीलासुद्धा पेन सापडत नाही.

वन्सं, तू शिकलेली आहेस, मोठ्या मशीनच्या वायरी तपासतेस. मला एवढंच सांग, कुणी हात न लावता मशीन वळू शकतं का? नाही म्हणालीस तरी मी त्याला सही करू देणार नाही. पण हो म्हणालीस तर भांडायला बरं पडेल.

तुमच्या बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत तुझ्या दादाचे कान सगळीकडे असतात. म्हणून पत्र. उत्तर पंपाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

आणि हो, त्याच्या मशीनची काळजी करू नकोस. रोज संध्याकाळी टँकरचा पाइप लावून मी ते धुते, पूर्वी धुवायची तसंच. तो परत चढेल तेव्हा मशीन लखलखीत असलं पाहिजे. बदली ऑपरेटर हसतो. हसू दे.

तुझी,
वहिनी

१२ जानेवारी

वहिनी,

हो. हो. हो. वळू शकतं. तीनदा लिहिलं, म्हणजे तुला भांडताना तिन्ही बाजूंनी वापरता येईल.

दादाला सांग, सही केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी बोलायची थांबले की काय होतं हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. हात चुकला म्हणे! तो मशीनच्या बकेटने जमिनीवरचं अंडं न फोडता उचलून दाखवायचा. शाळेत असताना मी स्वतः अंडं ठेवलं होतं.

आता नीट वाच. दांडीच्या, म्हणजे जॉयस्टिकच्या, मुळाशी एक सेन्सर असतो. दांडी किती आणि कुठे ढकलली हे तो विजेच्या आकड्यात सांगतो. दांडी मधोमध असली की अडीच व्होल्ट. एका बाजूला नेली की आकडा वाढतो, दुसरीकडे नेली की उतरतो. मशीनचा कंट्रोलर ना दादाला ओळखतो ना दांडीला, तो फक्त वायरीतून आलेला आकडा बघतो. वाटेत कुठे वीज झिरपून आकडा चढला, तर त्याला वाटतं ऑपरेटरने हुकूम दिला, आणि तो हुकूम पाळतो.

हे होऊ नये म्हणून दोन वायरी असतात. दोन्ही तोच आकडा घेऊन येतात, एक पांढरी आणि एक पिवळी. दोघींचं जुळलं तरच मशीन हलतं. जुळलं नाही तर लाल दिवा लागतो आणि मशीन जागेवर थांबतं. मग त्या दिवशी दिवा का लागला नाही? हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, बदली ऑपरेटरलाही मशीन झटके देतं का, आणि कधी देतं? सकाळी, दुपारी, रोज, की एखाद्या दिवशी? कुठल्या दिवशी देत नाही, ते तर नक्की विचार. दुखण्यापेक्षा न दुखण्याचे दिवस जास्त बोलके असतात.

तिसरं काम तुझ्या डोळ्यांचं. केबिनखाली डाव्या अंगाला एक पत्र्याचं झाकण आहे. आधी बॅटरीचा मोठा स्विच बंद कर, मग ते उघड. आत वायरींचा जाड जुडगा एका काळ्या कनेक्टरमध्ये शिरतो. नुसतं बघ, हुंग, आणि जसं दिसेल तसं लिही. ओढू नकोस. पंपावर विजेचा आकडा मोजायचा मल्टीमीटर असेल तर मागून ठेव. तो कसा लावायचा याचं चित्र मागच्या पानावर काढलं आहे. चित्रातला माणूस तू आहेस, नाकावरून ओळखशील.

आणि चालतंयरावला आताच काही सांगू नकोस. तो सेन्सर बदलेल, कागदावर 'दुरुस्त' लिहील आणि मोकळा होईल.

तुझी,
वन्सं (चिडलेली)

२१ जानेवारी
टँकरमधून

प्रिय वन्सं,

चित्रातलं नाक पाहिलं. घरी ये, मग बघते.

चालतंयरावने तुझं भविष्य खरं केलं. अख्खी जॉयस्टिक नवी आणली, बसवली, हात झटकले. दुसऱ्या सकाळी बदली ऑपरेटरला मशीनने असा हिसका दिला की त्याचं डोकं काचेवर आपटलं. आता तो माझ्यावर हसत नाही. उलट मी विचारायच्या आत तोच बोलायला लागला.

तो सांगतो, झटके सकाळीच येतात. ऊन तापलं, इंजिन तापलं की दुपारी मशीन गरीब गाय होतं. आणि गंमत ऐक. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी एकदाही झटका नाही. एक दिवस विश्रांती मिळाली की मशीनलाही मानवतं वाटतं! आमच्याकडे माणसांना एवढं मानवत नाही.

आता डोळ्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीत स्विच बंद करून झाकण उघडलं. वास ओल्या नाण्यांसारखा. कनेक्टरवर रबराचं टोपण असायला हवं ना? ते नाही. त्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आहे, तीही फाटकी. कनेक्टरच्या आत हिरवट पूड जमली आहे, तांब्याच्या भांड्याला येते तशी. आणि पांढरी नि पिवळी वायर तू म्हणतेस तशा वेगवेगळ्या जात नाहीत. कुणीतरी दोन्ही सोलून एकमेकींत पिळल्या आहेत आणि वरून काळी टेप मारली आहे.

मल्टीमीटर पंपावरच्या काकूंनी दिला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली. दांडी मधोमध, आणि आकडा तीनच्या वर! दुपारी तोच आकडा निमूट अडीचवर. मग तू चित्राखाली लिहिलंस तसं दुसऱ्या सकाळी दांडीचा प्लग काढून वायर मोजली. शून्य यायला हवं होतं ना? एकाच्या वर आलं. वन्सं, ज्याने बोलायचं तो गप्प बसलाय आणि तरी बोलणं ऐकू येतंय.

हे सगळं मी तुझ्या दादाला सांगितलं. राहवलं नाही. अलीकडे तो एक विचित्र खेळ करतो. पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला हातात धरून खोलीत फिरतो आणि सांडलं का बघतो. सांडत नाही. तरी त्याचा विश्वास बसत नाही. मला त्याचा राग येतो आणि मग त्या कागदाचा त्याहून जास्त येतो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला धक्का लावला नाही, त्याला स्वतःच्या हाताची भीती घातली या लोकांनी.

सांग, त्या कनेक्टरमध्ये पाणी आलं कुठून? इथे महिनोन् महिने पाऊस नाही. धुळीने डोळे जातात, म्हणून तर माझा टँकर आहे.

तुझी,
वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

तू कमाल आहेस. हाताखाली एवढं नीट काम करणारं माणूस मला इथे मिळालं असतं तर बोगदा आतापर्यंत पलीकडे निघाला असता.

कारण सापडलं. कनेक्टरमध्ये ओल शिरते. रात्रभर ती आत राहते आणि सकाळी वीज एका पिनेवरून दुसरीवर झिरपते, म्हणून आकडा चढतो. दुपारी सगळं वाळतं आणि आकडा उतरतो. नवी जॉयस्टिक म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पण ओल हा खरा गुन्हा नाही. खरा गुन्हा त्या पिळलेल्या वायरींचा आहे. ओल आली की दोन्ही वायरींचे आकडे जुळेनासे होतात, लाल दिवा लागतो, मशीन थांबतं. थांबणं हेच त्याचं शहाणपण. कुणालातरी ते थांबणं नको होतं. त्याने दोन्ही वायरी एकत्र बांधल्या. दोन साक्षीदारांची तोंडं एकाच दोरीने बांधली की ते एकच बोलणार. दिवा गप्प, मशीन चालू, आणि मोजणीवाल्याचा पाय मोडला. बैठकीत एवढंच ठासून सांगायचं.

ओल कुठून आली असं कुणी विचारलं तर दव म्हणायचं. थंडीत पहाटे दव पडतं, पत्रा गार पडतो, आत पाणी धरतं. हे शास्त्राला धरून आहे, कुणी खोडू शकणार नाही. दवाचं नाव पुरे.

आणि संध्याकाळी ते मशीन धुणं तूर्त बंद कर. थंडी आहे, गार पाण्याने तुझी बोटं फुटतील. उगाच कशाला?

दादाला म्हणावं पेला ठेव खाली.

तुझी,
वन्सं

७ फेब्रुवारी

वन्सं,

माझी बोटं फुटतील? इतक्या वर्षांत तुला माझ्या बोटांची आठवण झाली नाही ती?

मी टँकर चालवते, डोकं गहाण टाकलेलं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, किती काळजी गं हिला. दुसऱ्यांदा 'दव' या शब्दावर अडले. दव सुट्टीनंतरच्या सकाळी पण पडतं. मग त्या सकाळी मशीन नीट का असतं? कारण सुट्टीच्या दिवशी मी कामावर नसते, आणि मी नसते तेव्हा पाइपही नसतो. माझंच पाणी, वन्सं. केबिनखालचा चिखल निघावा म्हणून मी जोराचा फवारा खालून वर मारायची, अगदी त्या झाकणाच्या फटीवर. नवऱ्याचं मशीन आरशासारखं दिसावं म्हणून.

मी रडले. पंपावर, सगळ्यांसमोर, नाक पुसायलाही काही नव्हतं. लिहायला लाज कसली? त्या माणसाचा पाय, दादाची झोप, सगळ्याच्या मुळाशी माझ्या हातातला पाइप निघाला. आणि तुला ते कळलं होतं. तू मला वाचवायला दव शोधलंस. त्याबद्दल मी तुला जवळ घेतलं असतं आणि मग एक चापटही मारली असती.

घरी जाऊन दादाला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो इतका मोठ्याने हसला की शेजारीण डोकावली. कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, "म्हणजे माझा हात नव्हता! नव्हताच माझा हात!" मग त्याने माझं तोंड बघितलं. जवळ बसला आणि म्हणाला, "दवच म्हणू. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

दोघे भाऊबहीण एकाच शाळेतले. मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." आज दव म्हणू, उद्या चालतंयराव छातीवर हात मारून विचारेल, दव सगळ्याच मशीनवर पडतं, मग हेच का वळलं? तेव्हा काय सांगू? आणि तिकडे दुसरी बाई, दुसऱ्या टँकरने, दुसऱ्या मशीनवर पाणी मारेल आणि दुसरा पाय मोडेल. नाही. पाणी मी मारलं हे मी सांगणार. वायरी कुणी पिळल्या हे ज्याने पिळल्या त्याने सांगावं. मी माझा वाटा उचलला की त्यांना त्यांचा उचलावा लागेल.

नोकरी जाईल म्हणशील? जाऊ दे की. टँकर चालवायला शिकले तेव्हाही सगळे म्हणाले होते, बाईच्या हातात एवढी गाडी? हातात आली की नाही? दुसरी येईल.

आता मला दव नको, उपाय सांग. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं आहे. पाणी मारलं की मशीन वळतं, आणि वायरी सोडल्या की तेच पाणी मारूनही वळत नाही. जमेल का?

तुझी,
वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

चापट उधार राहिली. मी चुकले. तुला जपायला गेले आणि तुला लहान समजले.

जमेल, पण मी सांगते तसंच. मशीनभोवती बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, पोचेल त्याच्या दुप्पट अंतरावर दोर बांधा, आत एकही माणूस नको. बकेट जमिनीपासून वीतभर वर, रिकामी. केबिनमध्ये ऑपरेटर लागेलच, कारण बाजूचा लाल खटका खाली असल्याशिवाय मशीन कुणाचंच ऐकत नाही. त्याने दोन्ही हात खिडकीबाहेर काढून सगळ्यांना दिसतील असे धरावे. मशीन वळायला लागलं की लगेच खटका वर करायचा, सगळं थांबतं. तू झाकणाच्या बाजूने लांबून फवारा मार, मशीन वळतं त्या बाजूला उभी राहू नकोस. पाणी मारून थोडा वेळ जाऊ दे, ओल आत पोचायला लागते.

मग मशीन बंद, बॅटरीचा स्विच बंद. वायरी सोडवून पांढरी पांढरीला, पिवळी पिवळीला नीट जोडायची, टेप लावायची. पुन्हा तेच पाणी. ओल दोन्ही वायरींत सारखी झिरपत नाही, म्हणून आकडे फुटतील, लाल दिवा लागेल आणि मशीन हटून बसेल.

केबिनमध्ये कोण बसेल, हे मी ठरवणार नाही.

आता माझी गोष्ट. तुझं पत्र आलं आणि मी आमच्या बोगद्यातल्या मशीनची झाकणं उघडत सुटले. आमच्याकडेही तेच. पिळलेल्या वायरी, वर काळी टेप, दिवे गप्प. मी सगळ्या सोडल्या. आता दिवे लागले आहेत आणि मशीनं उभी आहेत. वरिष्ठ येऊन ओरडून गेले. म्हणाले, काम थांबलंय. मी म्हटलं, थांबलं नाही, थांबवलंय. रजा मागितली होती तुमच्या बैठकीसाठी, ती अर्थातच नामंजूर. त्यामुळे इथूनच भांडते. तू तिथे भांड.

वन्सं

२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

झालं. काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मी उड्या मारत लिहीन आणि तुला काही कळणार नाही.

बैठक साहेबांच्या खोलीत होती. कागद टेबलावर, त्यावर पेन. तुझा दादा म्हणाला, "सही करतो, साहेब. पण आधी मशीनजवळ चला. मी हात वर करून बसतो. मशीन वळलं नाही तर तिथेच सही." साहेब म्हणाले, नसते तमाशे नकोत. तेवढ्यात खिडकीबाहेर बघितलं तर सगळे ऑपरेटर कामं सोडून उभे. कुणी बोलावलं नव्हतं. बदली ऑपरेटरने मात्र आदल्या दिवशी सगळ्यांना कपाळावरची आपटल्याची खूण दाखवली होती.

दोर बांधले. दादा चढला. तीन पायऱ्या चढायला त्याने एवढा वेळ लावला की माझा जीव वरखाली झाला. मी त्याला म्हटलं होतं, बदलीवाला बसेल. तो म्हणाला, "नाही. मलाच बघायचंय." मग दोन्ही हात खिडकीबाहेर. कोरडं मशीन गुरगुरत उभं राहिलं. चालतंयराव म्हणाला, "बघा, चालतंय की."

मी पाइप सोडला.

काही झालं नाही. वन्सं, तुझं 'थोडा वेळ जाऊ दे' मला आठवत होतं, पण तो थोडा वेळ किती लांब असतो हे तुला बोगद्यात बसून काय कळणार! साहेब घड्याळ बघायला लागले. आणि मग बकेट थरथरली, आणि ते एवढं मोठं धूड, कुणाचाही हात नसताना, डावीकडे वळायला लागलं. तुझ्या दादाचे दोन्ही हात बाहेर, बोटं ताणलेली. खटका वर करायचा तो विसरलाच होता. मीच ओरडले तेव्हा केला. तो केबिनमधून आपल्या हातांकडे असा बघत होता की जणू कुणीतरी ते त्याला परत आणून दिले.

मग वायरी सोडवल्या, रंगाला रंग जोडला. पुन्हा पाणी. लाल दिवा लागला आणि मशीन गप्प. दादाने दांडी सगळीकडे फिरवून दाखवली. ढिम्म हललं नाही.

मी पाइप खाली ठेवला आणि म्हटलं, "रोज संध्याकाळी हे पाणी मी मारत होते. मला माहीत नव्हतं, पण मारत होते. माझं मी सांगितलं. आता वायरींचं कोण सांगतं?"

मग चालतंयरावच बोलला. दिवा सारखा लागायचा, काम अडायचं, वरून फोनवर फोन यायचे, 'कसंही करून चालवा'. टोपण मागितलं होतं, आलं नाही. म्हणून चालवून घेतलं. बोलताना त्याचा चेहरा पडला होता. मला त्याची दया आली, पण ती मी त्याला दाखवली नाही. त्याने मोजणीवाल्याच्या घरी जाऊन हेच सांगावं, मग दाखवीन.

साहेबांनी कागद फाडला. दादाला म्हणाले, उद्यापासून मशीनवर. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टँकरची किल्ली कचेरीत जमा करा. कंपनीच्या मशीनचं नुकसान केल्याबद्दल." वरून फोन करणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मी संन्यासीही नाही. पाणी मीच मारलं होतं. किल्ली टेबलावर आपटली आणि निघाले. मान खाली घातली नाही, एवढं तुला सांगते.

वाईट वाटतंय. नाही वाटत असं कशाला लिहू? ती गाडी माझी होती. पण दादाला मी बजावलंय, तू जा. इतक्या मेहनतीने मिळवलेली खुर्ची माझ्यापायी सोडू नकोस. आज सकाळी डबा देऊन त्याला पाठवला. हे पत्र घरून लिहिते आहे. आता लपवायचं काय राहिलं?

तुझी,
वहिनी

२३ फेब्रुवारी

छोटे,

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. तुझी वहिनी आत भांडी घासते आहे. मी दारात बसून लिहितोय, कारण इथे जे चाललंय ते तुला आत्ताच कळलं पाहिजे.

तिने मला डबा देऊन कामावर पाठवलं. मी गेलो, पण मशीनवर चढलो नाही. दुसऱ्यांच्या मशीनची झाकणं उघडून बघितली. तीन मशीनमध्ये वायरी तशाच पिळलेल्या. मी म्हटलं, या सोडा, टोपणं आणा, मग चढतो. बाकीचे ऑपरेटरही उतरले. साहेब म्हणाले, "तुझ्या बायकोने मशीन बिघडवलं आणि वर तू अटी घालतोस?" मी म्हटलं, "साहेब, तिच्या पाण्याने बिघाड झाला, आणि तिच्याच तोंडून तो तुम्हाला कळला. वायरी पिळायला लावणाऱ्यांच्या तोंडून अजून काय कळलंय?"

काल दिवसभर काम बंद. टँकरही बंद, कारण तो अवजड गिअर दुसऱ्या कुणाला पडत नाही. धूळ अशी उडाली की साहेबांच्या टेबलावर बोटाने नाव लिहावं. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात टँकरची किल्ली दिली, म्हणाले, घरी ने आणि दे तिला. मी घेतली नाही. म्हटलं, जमा करून घेतली तुम्ही, तर परत द्यायलाही तुम्हीच या.

आज सकाळी आलेत. अर्धी गल्ली जमली आहे. मी आत जाऊन सांगितलं, साहेब किल्ली घेऊन आलेत. ती म्हणाली, "माझे हात ओले आहेत. थांबा म्हणावं."

ते थांबलेत. चहाला नको म्हणाले. आता ती आतूनच विचारते आहे, आणि तुला माहीत आहे तिचा आवाज, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल: "किल्लीचं नंतर. आधी त्यांना विचार, बाकीच्या तीन मशीनच्या वायरी सोडल्या का?"

साहेब माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे बघत नाही, मी पत्र लिहितोय. भांड्यांचा आवाज थांबला. पत्र इथेच पुरे करतो, ती बाहेर येते आहे.

दादा